अनोळखी नावाचे जुने मशीन: घ्यावे की सोडावे?

वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. एकट्या वरळीत त्यांची संख्या १२१. एकशे साठ चौरस फुटांच्या एका खोलीत तीन-तीन पिढ्यांनी संसार केले. त्या खोलीत सुताराचे काम म्हणजे एक पोटमाळा आणि भिंतीला एखादे फडताळ, एवढेच. आता दिवस पालटत आहेत. पुनर्विकासात पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नवे घर आले की कपाट आले, ओट्याखालच्या ट्रॉल्या आल्या, पलंग आला. ज्या कारागिराच्या हातात काम आहे त्याला दारातच रोजगार उभा राहिला.

आमच्या ओळखीचे एक मिस्त्री जांबोरी मैदानाच्या बाजूला राहतात. शिवडीला त्यांचा १२ बाय २५ फुटांचा भाड्याचा गाळा आहे. इतकी वर्षे हातातल्या कटर मशीनवर प्लाय कापून त्यांनी काम भागवले. नव्या इमारतीतल्या चार घरांची कामे एकदम मिळाली तेव्हा हाताने कापणे पुरेना. सनमायका लावलेल्या प्लायच्या कडेच्या कपच्या उडतात, काटकोन चुकतो आणि एका कपाटाच्या कापणीत दिवस जातो. मोठे पॅनल सॉ मशीन हवे. पण नवे घेण्याइतकी पुंजी नाही. इतक्यात भिवंडीच्या एका गोदामात जुने मशीन असल्याचे कळले. दलालाने भाव सांगितला १,१०,००० रुपये. मशीन दिसायला दणकट होते. मात्र त्यावरचे नाव बाजारात कोणी ऐकलेले नव्हते.

मिस्त्रींनी विचारले, "भाई, नाव कोणाला ठाऊक नाही. घेऊ की सोडू?"

हा प्रश्न आपल्यातील पुष्कळ कारागिरांना पडतो. एक जण नाव अनोळखी म्हणून चांगले मशीन सोडून देतो. दुसरा भाव स्वस्त म्हणून भंगार घरी आणतो. दोघेही नावाकडे आणि भावाकडे पाहतात, मशीनकडे पाहत नाहीत. म्हणून या लेखात मिस्त्रींच्या त्या सौद्याचा धागा धरून, अनोळखी नावाचे जुने मशीन कसे पारखावे हे क्रमाने पाहू.

आधी काम, मग मशीन

मशीन पाहायला निघण्यापूर्वी आपले काम कागदावर लिहावे. सागवानाची दारे-खिडक्या करणाऱ्याला रंधा मशीन आणि थिकनेसर लागतो. प्लाय आणि एमडीएफ कापून फर्निचर करणाऱ्याला रंधा मशीनचा उपयोग थोडा. त्याला सरकत्या टेबलाचे पॅनल सॉ हवे. दलाल जे दाखवील ते चांगले वाटते. पण जे मशीन आठवड्यातून एक तास चालणार आहे त्यात पैसे अडकवणे म्हणजे गाळ्याचे भाडे मशीनला देणे.

मग जागा मोजावी. प्लायची पूर्ण शीट ८ फूट बाय ४ फूट. ती लांबीत कापायची तर ब्लेडच्या अलीकडे ८ फूट आणि पलीकडे ८ फूट, म्हणजे १६ फूट मोकळी जागा पाहिजे. शिवाय माणूस उभा राहायला जागा वेगळी. बीडीडीची जुनी खोली १० बाय १६ धरली तर शीट एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाईल आणि माणूस बाहेर राहील. मिस्त्रींचा गाळा २५ फूट लांब असल्याने मशीन बसत होते. ज्यांचा गाळा लहान आहे त्यांनी शीट कापून देणाऱ्या दुकानातून माल कापून आणावा आणि जोडणी आपण करावी. मशीन न घेणे हाही कधीकधी शहाणपणाचा व्यवहार असतो.

तिसरी गोष्ट वीज. घरगुती सिंगल फेज २३० व्होल्टवर साधारण ३ हॉर्सपॉवरपर्यंतची मोटर चालवता येते. तीही पूर्ण भारावर १६ अँपिअरच्या आसपास वीज ओढते. त्यापुढच्या मोटरला थ्री फेज ४१५ व्होल्टची जोडणी लागते. मुंबई शहरात कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत ही जोडणी बेस्टकडून घ्यावी लागते. गाळ्याचा मंजूर भार किती हे आधी वायरमनला विचारून घ्यावे. मशीन दारात आल्यावर जोडणीसाठी धावपळ करणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत.

नावाचा अर्थ किती घ्यावा

नामांकित कंपनीच्या नावाला किंमत असते ती दोन कारणांनी. एक, तिचा सुटा भाग मिळण्याची शक्यता जास्त. दुसरे, उद्या विकायला काढले तर गिऱ्हाईक लवकर मिळते. नावाचा फायदा एवढाच. पंधरा वर्षे वापरलेल्या मशीनचा शाफ्ट सरळ आहे की वाकडा हे नाव सांगत नाही.

उलट, अनोळखी नावामागे बहुतेक वेळा ओळखीचे मशीन असते. तैवानमधील तैचुंग हे लाकूडकामाच्या मशीनचे मोठे केंद्र आहे. तिथल्या आणि चीनमधल्या कारखान्यांतून निघालेले एकच मशीन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या रंगाने आणि नावाने विकले जाते. आपल्याकडेही पंजाबातील बटाला बिडाच्या ओतकामासाठी आणि मशीन टूल्ससाठी प्रसिद्ध आहे; तिकडच्या मशीनवरही विक्रेत्याच्या नावाची पट्टी बदललेली दिसते. म्हणून अनोळखी मशीन पाहताना त्याचा सांगाडा, टेबलाची मापे, हँडलची जागा यांची चांगली छायाचित्रे काढावीत आणि एखाद्या जुन्या फिटरला दाखवावीत. नाव न ओळखणारा फिटर मशीन मात्र ओळखतो. आमच्या मिस्त्रींच्या बाबतीत हेच झाले. नागदेवी स्ट्रीटवरच्या एका फिटरने फोटो पाहून सांगितले की, मशीन तैवानच्या धाटणीचे आहे आणि या घडणीची मशीन त्याने दुरुस्त केली आहेत.

प्लेट वाचायला शिका

मशीनवर आणि मोटरवर धातूची छोटी प्लेट असते. पुष्कळ जण तिच्यावरचे फक्त हॉर्सपॉवर वाचतात. त्याखेरीज चार आकडे वाचलेच पाहिजेत: व्होल्ट, फेज, हर्ट्झ आणि अँपिअर.

आपल्या देशात वीज ५० हर्ट्झची आहे. तैवान आणि अमेरिकेत ती ६० हर्ट्झची. भिवंडीच्या मशीनच्या मोटरवर लिहिले होते: ५ हॉर्सपॉवर, थ्री फेज, २२०/४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ३४५० फेरे. दलालाने वायर ४४० च्या जोडणीवर लावून मशीन चालू करून दाखवले. पाते फिरू लागले. तो म्हणाला, "शेठ, बघा, घड्याळासारखं चालतंय."

चालत होते हे खरे. पण ६० हर्ट्झची मोटर ५० हर्ट्झवर लावली की तिचे फेरे सहात एक हिश्श्याने घटतात. ३४५० चे साधारण २८८० होतात. त्याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ४४० व्होल्टला ६० ने भागा, उत्तर ७.३ येते, ही त्या मोटरची नेमलेली मर्यादा. आपल्या ४१५ ला ५० ने भागा, उत्तर ८.३ येते. म्हणजे मोटरच्या लोखंडावर १३ टक्के जास्त ताण. ती पाच मिनिटे बिनबोभाट फिरते, अर्ध्या तासात तापते आणि पावसाळ्यापर्यंत जळते. मिस्त्रींनी मशीन अर्धा तास बंद करू दिले नाही. मोटरवर हात ठेववेना, तेव्हा दलालाचा सूर बदलला.

याचा अर्थ मशीन टाकाऊ असा नव्हे. मोटर बाजारात मिळणारी वस्तू आहे. पाच हॉर्सपॉवरची २८८० फेऱ्यांची देशी मोटर लावता येते. फक्त बसवण्याची प्लेट आणि पुली बदलावी लागते. ब्लेडचा मूळ वेग परत हवा असेल तर मोटरवरची पुली १.२ पट मोठी घ्यावी, १०० मिलिमीटरच्या जागी १२० ची. वेग वाढवताना ब्लेडवर कोरलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा ओलांडू नये. ती ओलांडल्यास पात्याचे दात उडतात.

काय बदलता येते, काय येत नाही

जुने मशीन पारखण्याचा मुख्य नियम एका वाक्यात सांगता येतो. जे झिजते ते आपल्या बाजारात मिळत असेल, आणि जे मिळत नाही ते धड असेल, तर नाव काहीही असो, मशीन घेण्यासारखे आहे.

बेरिंग बाजारात मिळते. त्याच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो आणि तो सर्व देशांत एकच असतो. ६२०५ असेल तर शाफ्ट २५ मिलिमीटरचा, ६२०६ असेल तर ३० चा. शेवटच्या दोन अंकांना ५ ने गुणले की माप निघते. ही बेरिंगे नागदेवीला कोणत्याही दुकानात आहेत. व्ही-बेल्टवर ए किंवा बी लिहिलेले असते. ए वरच्या बाजूला १३ मिलिमीटर रुंद, बी १७. तेही मिळतात. स्विच, स्टार्टर आणि केबल लोहार चाळीत मिळतात. ब्लेडच्या मधल्या भोकाचे माप मात्र घ्यावे. २५.४ किंवा ३० मिलिमीटर असेल तर ब्लेड सहज मिळेल; वेगळेच माप असेल तर दर वेळी ब्लेड मागवावे लागेल.

मिळत नाही ते बिडाचे ओतकाम. टेबल, स्टँड, बेरिंगची घरे हे भाग बिडाचे असतात. बीड वाकत नाही, तडकते. आणि तडकलेले बीड वेल्डिंगने पहिल्यासारखे होत नाही. म्हणून लहान हातोडीने जागोजागी हलकेच ठोकून आवाज ऐकावा. धड बीड घंटेसारखे वाजते. तडा असेल तर आवाज फुटका येतो. ताजा रंग दिसला की सावध व्हावे, विशेषतः फक्त एकाच कोपऱ्यात ताजा असेल तर. बोल्टच्या भोकांभोवती आणि बेरिंगच्या घराजवळ टॉर्च लावून पाहावे.

थिकनेसरचे गिअर, रंधा मशीनचे रोलर, पॅनल सॉची सरकती गाडी आणि तिची रूळपट्टी हेही अनोळखी मशीनचे मिळत नाहीत. संगणकावर चालणाऱ्या मशीनचे इलेक्ट्रॉनिक कार्ड तर मुळीच नाही. कंपनीचा ठावठिकाणा नसलेले, कार्डावर चालणारे जुने मशीन लहान कारागिराने घेऊ नये. एक कार्ड जळले की सारे मशीन लोखंडाच्या भावात जाते.

शाफ्ट पाहण्यासाठी पट्टा उतरवावा. पट्टा चढलेला असताना बेरिंगचा खडखडाट कळत नाही. शाफ्ट हाताने सावकाश फिरवावा; वाळू भरल्यासारखा लागला तर बेरिंग गेले. मग तो वरखाली आणि पुढेमागे हलवून पाहावा. डायल गेज असेल तर ब्लेड बसते त्या चकतीवर टेकवून एक फेरा घ्यावा. ०.०५ मिलिमीटरपर्यंत फरक ठीक. त्याहून बराच जास्त असेल तर बेरिंग बदलूनही कट स्वच्छ येणार नाही, कारण दोष शाफ्टमध्ये आहे. डायल गेज विकत घेण्याची गरज नाही. ओळखीच्या टर्नरकडून एका दिवसासाठी आणावे.

टेबलाचा सपाटपणा पाहायला सरळ पोलादी पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरप्या दिशांनी उभी ठेवावी आणि खालून प्रकाश पाहावा. रंधा मशीनची दोन टेबले एका पातळीत आणून हीच चाचणी घ्यावी. टेबल मधे खोल गेले असेल तर फळीची कड कधीच सरळ येणार नाही.

थंड मशीन, आपले लाकूड

दलालाला आधी फोन करून सांगावे की आम्ही येईपर्यंत मशीन चालू करू नका. गेल्यावर मोटरला हात लावून पाहावा. आधीच कोमट असेल तर थंड असताना सुरू होण्यात काही अडचण आहे असे समजावे. मोटरमधून ताज्या वॉर्निशचा वास येत असेल तर ती नुकतीच भरून आणली आहे. भरलेली मोटर वाईटच असे नाही, पण तिचा भाव नव्या मोटरचा नव्हे.

चालू केल्यावर पहिल्या मिनिटात बोलू नये, ऐकावे. बेरिंगचा शीळ घातल्यासारखा आवाज, पट्ट्याची फडफड, सांगाड्याची थरथर या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ऐकू येतात. बंद केल्यावर पाते किती सहज थांबत जाते तेही पाहावे. एकदम अडकल्यासारखे थांबले तर कुठेतरी घासते आहे.

रिकामे मशीन सगळेच चांगले चालते. खरी ताकद कापताना कळते. म्हणून आपले लाकूड बरोबर न्यावे: १९ मिलिमीटर प्लायची सनमायका लावलेली शीट आणि जाड सागाचा तुकडा. कापत असताना वायरमनने टाँग टेस्टर एका फेजच्या वायरला लावावा. पाच हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर पूर्ण भारावर साधारण साडेसात अँपिअर घेते. सागाचा तुकडा सावकाश कापतानाही आकडा त्याच्या बराच वर जाऊन टिकत असेल, किंवा तीन फेजमध्ये तीन वेगळे आकडे येत असतील, तर मोटरमध्ये दोष आहे.

काटकोन पाहायला गुण्या लावावा, पण त्यावरच थांबू नये. एक रुंद तुकडा आडवा कापावा, दोन भागांतला एक उलटा करून दोन्ही कापलेल्या कडा एकमेकींना भिडवाव्यात. कटात जो फरक असेल तो या रीतीने दुप्पट होऊन दिसतो. लांबीचा कटही तपासावा: गाडीवर वेगवेगळ्या कापलेल्या दोन तुकड्यांच्या, ब्लेडच्या एकाच बाजूला आलेल्या कडा भिडवून उजेडासमोर धराव्यात. मधे फट दिसली तर गाडीचा रूळ वाकडा आहे किंवा सैल आहे. सैल रूळ स्क्रूने बसतो. वाकलेला बसत नाही. भिवंडीच्या मशीनला मधे मिलिमीटरभर फट आली. आमच्या फिटरने रुळाचे स्क्रू फिरवून पुन्हा कट घेतला, तेव्हा फट गेली. इथे सौदा पुढे सरकला.

बोटांचा हिशेब

जुन्या मशीनवर सुरक्षेचे भाग बहुधा काढून टाकलेले असतात. "त्याने काम अडतं" असे सांगितले जाते. पण गोल करवतीच्या मागे उभी पोलादी पट्टी, जिला रिव्हिंग नाइफ म्हणतात, ती कापलेले लाकूड मिटू देत नाही. ती नसेल तर लाकूड मागच्या दातांत अडकते आणि गोळीसारखे कारागिराच्या पोटावर येते. १९४८ च्या कारखाना कायद्याखालच्या नियमांत या पट्टीची आणि पात्यावरच्या झाकणाची सक्ती होती. रंधा मशीनच्या पात्यांचा शाफ्ट गोल असावा, अशीही अट होती. जुन्या मशीनवर अजून चौकोनी शाफ्ट दिसतात. चौकोनी शाफ्ट आणि टेबल यांच्यामध्ये मोठी फट राहते, बोट त्यात ओढले जाते आणि नुसते टोक कापून न थांबता पेरेच जाते. असे रंधा मशीन फुकट मिळाले तरी घेऊ नये. दोन-चार माणसांच्या दुकानाला कारखान्याचा कायदा लागू होत नाही, पण बोट तेच असते.

भाव कसा काढावा

जुन्या मशीनचा भाव म्हणजे दलालाने सांगितलेला आकडा नव्हे. आपल्या गाळ्यात ते पहिला स्वच्छ कट देईपर्यंत जेवढा खर्च होईल तेवढा त्याचा भाव. मिस्त्रींनी गोदामातच कागद काढला.

मशीन १,१०,०००. नवी मोटर आणि स्टार्टर २२,०००. बेरिंग, बेल्ट आणि पुली ६,५००. दोन ब्लेड, झाकण आणि रिव्हिंग नाइफ ९,५००. क्रेन, टेंपो आणि हमाली १४,०००. वायरिंग आणि फिटरची मजुरी ८,०००. एकूण १,७०,०००.

त्याच मापाचे नवे मशीन एक वर्षाच्या गॅरंटीसह गाळ्यात पोच १,८५,००० ला मिळत होते. वायरिंगचे ८,००० धरून १,९३,०००. म्हणजे फरक उरला २३,००० चा. एवढ्यासाठी गॅरंटी सोडायची, अनोळखी नाव घ्यायचे आणि दुरुस्तीचा घोर पत्करायचा? मिस्त्रींनी हा कागद दलालासमोर ठेवला. नाव अनोळखी म्हणून घासाघीस केली असती तर दलालाकडे त्याला शंभर उत्तरे होती. तापलेल्या मोटरला आणि ६० हर्ट्झच्या प्लेटला त्याच्याकडे उत्तर नव्हते. सौदा ८५,००० वर तुटला. एकूण खर्च १,४५,००० झाला आणि नव्यापेक्षा ४८,००० वाचले. अनोळखी नावाची जोखीम घ्यायला हा फरक पुरेसा होता.

कागद आणि कायदा

मालविक्रीचा कायदा १९३० चा आहे. त्याच्या कलम १६ चा मतलब कारागिराने ध्यानात ठेवावा. माल कोणत्या कामासाठी हवा हे विक्रेत्याला सांगितले असेल आणि अशा मालाचा धंदा करणाऱ्या त्या विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून तो घेतला असेल, तर माल त्या कामाला योग्य असणे ही विक्रीची अट मानली जाते. पण खरेदीदाराने माल तपासून घेतला असेल, तर तपासात जो दोष दिसायला हवा होता त्याबद्दल, तो माल विकण्याजोगा नव्हता अशी तक्रार नंतर करता येत नाही. म्हणजे अर्धवट तपासणी ही तपासणी न करण्याइतकीच महाग पडते.

म्हणून बिलावर मशीनचा अनुक्रमांक, मोटरची हॉर्सपॉवर, बरोबर दिलेले भाग आणि कोणत्या कामासाठी घेतले हे लिहून घ्यावे. कागदावर "जसे आहे तसे" हे शब्द दिसले तर ते वाचल्याशिवाय सही करू नये. इसार थोडा द्यावा, बाकी रक्कम मशीन टेंपोत चढण्यापूर्वी पुन्हा एकदा चालवून पाहिल्यावर. बिल नसलेले मशीन घेऊ नये. माल चोरीचा निघाला तर मशीनही जाते आणि पोलीस ठाण्याच्या खेपाही पडतात.

आपल्यापैकी जे विकणारे आहेत त्यांच्यासाठीही एक शब्द. मालातील ऐब सांगून विकणे हा आपल्या व्यवहाराचा जुना दंडक आहे, आणि लपवलेला ऐब निघाल्यास माल परत करण्याच्या खरेदीदाराच्या हक्काला शरीअतमध्ये "खियारे ऐब" असे नाव आहे. मोटर ६० हर्ट्झची आहे हे दलालाने आधीच सांगितले असते तर सौदा पहिल्या तासातच मिटला असता.

आमच्याकडून राहिलेली चूक

इतके सारे पाहूनही एक गोष्ट सुटली. पॅनल सॉमध्ये मोठ्या ब्लेडच्या पुढे एक छोटे ब्लेड असते. ते सनमायकाला खालून आधी बारीक चर पाडते, म्हणून कपची उडत नाही. त्याला स्कोरिंग ब्लेड म्हणतात. भिवंडीला ते फिरत होते, म्हणून आम्ही त्याचा पट्टा पाहिला नाही. तो व्ही-बेल्ट नव्हता, पातळ सपाट अखंड पट्टा होता, आणि जुना झालेला. गाळ्यात आल्यावर तिसऱ्या दिवशी तुटला. त्या मापाचा तयार पट्टा नागदेवीला कोणाकडे मिळाला नाही. शेवटी जुना तुकडा नेऊन मापाने जोडून घ्यावा लागला. त्यात नऊ दिवस गेले.

ते नऊ दिवस मिस्त्रींना पट्ट्याच्या किमतीपेक्षा महाग पडले. ज्यांचे काम घेतले होते ते शेजारीच. सामान जुन्या खोलीत बांधून बसलेले, नव्या घरात कपाट नाही. एका घरची आजी रोज विचारायची, "मिस्त्री, आमचं कपाट कधी रे?" शेवटी पहिल्या कपाटाची शीट त्यांनी बाहेरून कापून आणली आणि स्वतःच्या मजुरीतून तो खर्च सोसला. शब्द राहिला, पण नफा गेला. मशीन आज चालू आहे आणि त्या सपाट पट्ट्याचे दोन जोड खिळ्याला टांगलेले आहेत.

म्हणून शेवटचा नियम: मशीनमध्ये जे जे फिरते त्याचा पट्टा आणि बेरिंग उघडून पाहावे, माप लिहून घ्यावे, आणि ते बाजारात मिळते की नाही हे इसार देण्यापूर्वी दुकानात जाऊन विचारावे. फोनवर "मिळेल" हे उत्तर पुरेसे नाही. भाग हातात घेऊन पाहावा.

जाताना सोबत काय न्यावे

१. वही, पेन्सिल आणि मोजपट्टी. गाळ्याची व दाराची मापे लिहिलेली.
२. टॉर्च, लहान हातोडी, पान्यांचा संच.
३. सरळ पोलादी पट्टी, गुण्या, फीलर गेज. मिळाल्यास डायल गेज.
४. टाँग टेस्टर आणि तो वापरणारा वायरमन.
५. कापून पाहण्यासाठी आपले लाकूड आणि एक धार लावलेले ब्लेड.
६. एक जुना फिटर. त्याची एका दिवसाची मजुरी हा खर्च नाही, विमा आहे.
७. नव्या मशीनचे लेखी दरपत्रक. ते खिशात असले की जुन्याचा भाव डोक्यात चढत नाही.

आणि एक वस्तू घरी ठेवून जावी: पूर्ण रक्कम. पैसे खिशात असले की डोळे दोष पाहत नाहीत. आज मशीन पाहावे, रात्री कागदावर बेरीज करावी, दोन दिवसांनी सौदा करावा. त्या दोन दिवसांत ते दुसऱ्याने नेले तर नेऊ द्यावे. जुनी मशीन बाजारात पुन्हा येतात. बोटे आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्द एकदा गेला की परत येत नाही.